दार किती उघडतं? छोट्या एसयूव्हीसोबत १४ महिने, मोठीसोबत ११ दिवस

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ठाण्यात माजिवड्याच्या पुलावर माझ्या गाडीचा क्लच गेला. मागे हॉर्नचा कल्ला, शेजारच्या सीटवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई. दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी. टोइंगवाला यायला सव्वा तास लागला. गाडी वर्कशॉपमध्ये ११ दिवस राहिली आणि तेवढे दिवस मी भाऊजींची मोठी, सात सीटची डिझेल ऑटोमॅटिक घेऊन रोज ठाण्यातलं वाघबीळ ते नवी मुंबईतलं महापे केलं. ते ११ दिवस मिळाले नसते तर मी आज उलटंच, म्हणजे मोठीच घ्या असं लिहिलं असतं.

गाडी घेतली २०२४च्या दसऱ्याला. चार मीटरच्या आतली, १.२ पेट्रोल, मॅन्युअल. आधी हॅचबॅक होती, त्यात आईंना खाली बसकण मारावी लागायची आणि उठताना दोघांनी ओढावं लागायचं. या गाडीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. मागे सरकायचं, टेकायचं, पाय आत. यासाठीच ही घेतली, बाकी सनरूफ वगैरेशी मला देणंघेणं नाही.

पहिले दहा महिने मी खूश होते. मग गणपतीला कुडाळला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं, आई, पाच जणांचं सामान, मखराचा खोका. डिकी लागेना. आईंच्या पायाशी पिशव्या ठेवाव्या लागल्या, ज्या बाईला पाय पसरायला जागा हवी तिच्या. भोस्ते घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन रडत होतं. परत आल्यावर मी ह्यांना स्पष्ट म्हणाले, चूक झाली, मोठीच घ्यायला हवी होती. त्यात २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. मी २८ अधिक १ टक्का सेस मोजून घेतलेली गाडी आता १८ टक्क्यांत मिळते. ११ टक्के! वर्षभर थांबले असते तर, हा हिशोब अजून डोक्यातून जात नाही. मोठ्या गाड्याही ५० वरून ४० वर आल्या, पण दोन्हींच्या करामधलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहिलं.

तर भाऊजींची गाडी आली तेव्हा मी मनातून आनंदातच होते. पहिले दोन दिवस तसेच गेले. घोडबंदर रोडवर मेट्रो ४च्या कामाने रस्त्याची जी दशा झाली आहे, तिथे मोठी चाकं खड्डा गिळून टाकतात. कापूरबावडीला ब्रेक-क्लच-ब्रेक हा प्रकार नाही, डावा पाय स्वस्थ. उंचावरून दोन गाड्या पलीकडचं दिसतं. ऐरोली पुलावर टोल आता दोघींनाही नाही, २०२४च्या ऑक्टोबरपासून हलक्या वाहनांना माफ आहे, आणि सात सीटची एसयूव्हीसुद्धा हलकंच वाहन.

इंधनाचं मला वाटलं होतं की मोठी खिसा रिकामा करेल. तसं झालं नाही. माझी या ट्रॅफिकमध्ये लिटरला १२ देते, भाऊजींच्या गाडीने १० दिले. पेट्रोल तेव्हा शंभरच्या वर होतं, डिझेल नव्वदच्या आसपास. किलोमीटरमागे फरक साधारण आठ आण्यांचा.

तिसऱ्या दिवशी आईंना फिजिओकडे नेऊन आणलं आणि पार्किंगमध्ये लावली. आमच्या इमारतीला लॉबीसमोर सात पायऱ्या आहेत, त्यामुळे आईंना पोडियमवरूनच, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावरूनच, लिफ्टमध्ये न्यावं लागतं. त्यांना पार्किंगच्या गल्लीत आधी उतरवून एकट्या उभ्या ठेवता येत नाही. म्हणजे गाडी लावायची आणि मगच दार उघडायचं. जागा मी टेपने मोजली आहे: अडीच मीटर. उजवीकडे भिंत, डावीकडे शेजाऱ्यांची गाडी. माझी गाडी साधारण १.८ मीटर रुंद. उरले ७० सेंटिमीटर. मी ३० सेंटिमीटरमधून कशीही घसरून बाहेर येते, आईंना ४० मिळतात, शेजारी नीट लावतात म्हणून आणखी थोडे. सात सीटवाल्यांचे आकडे बघा: स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर, सफारी १९२२. भाऊजींची त्याच मापाची. १२ सेंटिमीटर गेले. वीतभरही नाही. पण तेच १२ सेंटिमीटर आईंच्या बाजूचे. दार जाड, ते शेजाऱ्यांच्या गाडीला टेकायच्या आत थांबवायचं, आणि वरून सीट इतकी उंच की उतरताना पाय जमिनीला लागत नाही, पायदानावर टेकवून तिरकं व्हावं लागतं. तिरकं व्हायला जागाच नाही. तीनदा प्रयत्न केला. शेवटी आई म्हणाल्या, "अगं, मी बसते इथेच, तू वर जाऊन ये." मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून बोचतं. वॉचमनला बोलावून गाडी परत बाहेर काढली, त्याच्याजवळ आईंना खुर्चीत बसवलं, पुन्हा आत लावली.

उरलेले आठ दिवस हेच चाललं. दुसऱ्या आठवड्यात डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. रोजच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये एक्झॉस्टच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही, त्यासाठी थोडा वेळ एका वेगात चालवावी लागते. पहाटे पाचला उठून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर चक्कर मारून आले तेव्हा विझला. डिझेल घेणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

आता क्लचचं. १७,४०० किलोमीटरला प्लेट संपली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, तुम्ही हाफ क्लचवर, अर्धा दाबून ठेवून चालवता, वॉरंटीत बसत नाही." हाफ क्लचने प्लेट तापून झिजते हे मला मान्य आहे, आणि घोडबंदरला हाफ क्लचशिवाय कोण चालवतं तेही त्याने सांगावं. पण मी १० हजारच्या सर्व्हिसलाच क्लच दाबताना घरघर येते असं लिहून दिलं होतं. ती तक्रार लिहिलेलं जॉबकार्ड घरी फाईलमध्ये होतं. ते पुढे ठेवलं, जुने भाग टेबलावर मांडायला लावले. रिलीज बेअरिंग, क्लच दाबला की प्लेट सोडवणारा भाग, पार वाजत होतं. दोन दिवस भांडले. शेवटी बेअरिंग आणि मजुरी त्यांनी सोडली, प्लेटचे पैसे मी दिले. जॉबकार्ड कधीही टाकू नका.

माझी पसंती आता पक्की आहे: रोजच्यासाठी छोटीच, पण पुढची ऑटोमॅटिक. मॅन्युअल घेऊन ७०-८० हजार वाचवले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. डावा गुडघा आता माझाही दुखतो. ते पैसे वाचवायला नको होते.

गणपतीला भाऊजींशी गाडी बदलायची असं ठरलंय. कुडाळला अंगणात दोन्ही दारं पूर्ण उघडतात, आणि आईंच्या पायाखाली ठेवायला सुताराकडून वीतभर उंचीचा लाकडी पाट करून घेतलाय.