सिलिकॉनचा कृत्रिम स्तन: कोकणच्या हवेत कसा वाटतो?

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर ब्राच्या कप्प्यात बसवायच्या या स्तनाचं वजन खऱ्यासारखं असतं, त्यामुळे दोन्ही खांद्यांवर भार सारखा येतो. हाच त्याचा मोठा गुण. पण रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत त्याच्या मागे घाम साचतो आणि रेडिएशन घेतलेली नाजूक त्वचा सोलवटते. म्हणून कप्पा सुतीच हवा, ब्राही दोन-तीन हव्यात. रेडिएशन चालू असताना आणि त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत हलका कापसाचा पॅडच बरा. सिलिकॉन डॉक्टरांना विचारूनच.

रोज सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा, टिपून कोरडा करा, त्याच्या साच्यातच ठेवा. पदराची पिन मात्र फार जपून लावा! ती टोचली की जेल बाहेर येतं. चिकटपट्टी तात्पुरतीच, शेवटी नवा घ्यावा लागतो.