पत्रावरच्या नंबरवर मी फोन केला होता

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी २२ वर्षं अकाउंट्स बघतोय. मार्च २०२५मध्ये माझ्या हातून कंपनीचे १८ लाख ६४ हजार रुपये भलत्याच खात्यात गेले. कुणी रात्री बसून काही फोडलं नाही. मीच पाठवले, आणि पाठवून झाल्यावर निवांत चहा प्यायलो.

आमचं कास्टिंग कोल्हापूरहून, शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येतं. तिथल्या अकाउंट्सच्या मॅडमशी आठवड्यातून दोनदा तरी बोलणं होतं. त्यांचा मेल म्हणजे एक ओळ: ‘साहेब पेमेंटचं बघा’, तीही इंग्रजी अक्षरांत. २७ मार्चला गुरुवारी त्यांच्याच नावाने मेल आला. ऑडिटमुळे आमचं सहकारी बँकेतलं खातं तात्पुरतं बंद आहे, पुढची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी. सोबत लेटरहेड, शिक्का, मालकांची सही आणि कॅन्सल चेकचा फोटो. इंग्रजी एकदम झक्कास, कुठे एक चूक नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. मॅडमनी २२ वर्षांत मला एकदाही ‘आदरणीय महोदय’ म्हटलेलं नाही.

पण मार्चअखेर होती. ज्यांना अकाउंट्सचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयकर कायद्यामुळे (तेव्हाचं कलम ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत, म्हणजे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकती करावी लागतात. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंत पैसे गेले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, उगाच जास्त टॅक्स बसतो. शिवाय रविवारी पाडवा, सोमवारी ईद. शेठ नाशिकला, भाचीच्या साखरपुड्याला. फोनवर एकच वाक्य: ‘फाउंड्रीचं आजच्या आज संपवा.’ एवढं सगळं समोरच्या माणसाला ठाऊक होतं. कसं, ते पुढे येईल.

मी अगदीच बावळटपणा केला असंही नाही. पत्रावरच्या मोबाईलवर फोन लावला. ‘जी सर, अकाउंट्स से बोल रहा हूँ, हाँ जी, खाता चेंज हुआ है.’ शिरोलीच्या फाउंड्रीत ‘जी सर’! तिथला हमालसुद्धा ‘काय म्हंता सायेब’ने सुरुवात करतो. मी मनाशी म्हटलं, नवीन पोरगा ठेवला असेल. माणसाला काम उरकायचं असलं की मन कारणं पुरवतंच.

आमच्याकडे एक ज्युनियर मुलगी आहे, बी.कॉम. होऊन वर्ष झालेली. ती खातं जोडताना म्हणाली, ‘सर, मॅडमना एकदा विचारू का?’ मी म्हणालो, ‘अगं, केलाय मी फोन आत्ताच. तू मेकर टाक.’ ती गप्प बसली. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये एकाने एंट्री करायची (मेकर) आणि दुसऱ्याने तपासून सोडायची (चेकर) अशी सोय असते. आमचे चेकर म्हणजे शेठ. पण शेठचा पासवर्ड माझ्या ड्रॉवरमधल्या डायरीत, आणि ओटीपी ते फोनवर सांगतात. म्हणजे कागदावर दोन कुलपं आणि दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात. शुक्रवारी २८ मार्चला संध्याकाळी पावणेसहाला आरटीजीएस (मोठी रक्कम एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पाठवायची सोय) गेलं.

बुधवारी २ एप्रिलला मॅडमचा फोन आला. ‘साहेब, पाडव्याच्या आधी देतो म्हणाला होता. दोन मेल टाकले, उत्तर पण नाही.’

मला एकही मेल आलेला नव्हता.

नंतर कळलं ते असं. जानेवारीत मला ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, लॉगिन करून जागा वाढवा’ असा मेल आला होता. बसमध्ये होतो, मोबाईलवरच पासवर्ड टाकला. पान पांढरं झालं आणि मी विसरून गेलो. तेव्हापासून दोन महिने कुणीतरी माझे मेल वाचत होतं. कुणाचं किती देणं, शेठ कधी बाहेरगावी, बिलाची मुदत कधी उलटते, सगळं. सहीसुद्धा फाउंड्रीने पाठवलेल्या जुन्या कागदावरून उचललेली. मग त्यांनी माझ्या आउटलुकमध्ये एक नियम लावून ठेवला: फाउंड्रीच्या खऱ्या पत्त्यावरून आलेला प्रत्येक मेल परस्पर ‘आरएसएस फीड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये जावा. (संघाशी काही संबंध नाही. बातम्या गोळा करण्याची ती एक जुनी सोय आहे, कुणी उघडतसुद्धा नाही.) मॅडमचे दोन्ही मेल तिथे पडून होते. आणि खोटा मेल आला त्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी होते. मोबाईलवर चष्मा लावूनही फरक कळत नाही, मी नंतर चारजणांना दाखवून पाहिलं. खाली आमचा जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा चिकटवलेला, त्यामुळे मला वाटलं, आधीचंच बोलणं पुढे चाललंय.

खात्याच्या नावाचं म्हणाल, तर मी फाउंड्रीचंच नाव टाकलं होतं. पण पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतं का हे तेव्हा आम्हाला पडद्यावर दिसत नव्हतं. आरटीजीएस-एनईएफटी करताना समोरच्याचं नाव आधी दाखवायची सोय १ एप्रिल २०२५पर्यंत सुरू करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं होतं. आमचे पैसे त्याच्या चार दिवस आधी गेले.

१९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, यूटीआर (त्या व्यवहाराचा बँकेचा) क्रमांक दिला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘पैसे कधी गेले?’ शुक्रवारी म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यांत रक्कम अडवता येते. आमचे पाच दिवस गेले होते. रक्कम फुटून बऱ्याच खात्यांत गेलेली, पुष्कळशी काढलेलीही. २ लाख ११ हजार तेवढे गोठले, तेही परत मिळवायला कोर्टाचा आदेश लागतो. पोलिसांनी मूळ मेल मागितला. मी घाबरून तो सगळ्यांना फॉरवर्ड करत सुटलो होतो. फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, राहत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर मेल आहे तसा सेव्ह करा, डिलीट तर अजिबात करू नका.

गंमत म्हणजे ट्रेनिंग झालेलं होतं. नोव्हेंबरात एक कन्सल्टंट येऊन दीड तास स्लाइड्स दाखवून गेला. पुण्यात सप्टेंबर २०२२मध्ये सीरम इन्स्टिट्यूटमध्ये अदर पूनावालांच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज पाठवून एक कोटीहून जास्त रक्कम उकळल्याचं प्रकरण त्याने सांगितलं. आम्ही हसलो होतो, एवढी मोठी माणसं कशी फसतात म्हणून. ‘पासवर्ड कुणाला देऊ नका’ या स्लाइडला शेठ पहिल्या रांगेत मान हलवत होते. शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा होती, मला दहापैकी दहा. त्या परीक्षेत ‘साहेब घाईत असताना ज्युनियरने काय करावं’ हा प्रश्न नव्हता. आमच्याकडे खरी अडचण तीच होती. मुलीला शंका आली होती, पण माझं पेमेंट अडवायचा हक्क तिला कुणी दिलेला नव्हता.

आता बँकेचा तपशील बदलायचा असेल तर टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधीपासून असलेल्या नंबरवरच फोन होतो, नव्या पत्रावरच्या नंबरवर कधीच नाही, आणि तो मी करत नाही, ती करते. तिने ‘नाही’ म्हटलं की शेठनी सांगितलं तरी पेमेंट जात नाही. शेठचा पासवर्ड त्यांच्याकडे परत गेला. मेलला मोबाईलवरची दुसरी पडताळणी लावली, ती आधी का लावली नव्हती याला माझ्याकडे उत्तर नाही. आउटलुकमधले नियम महिन्यातून एकदा उघडून बघतो. फाउंड्रीचे पैसे हप्त्याने देतोय. मॅडम अजून ‘पेमेंटचं बघा’ लिहितात, मी आधी फोन करतो.

पैशांचं एकवेळ निभावेल. पण माझ्या त्याच मेलबॉक्समध्ये पगाराची एक्सेल होती, ६२ कामगारांची: नाव, पॅन, आधार, बँक खातं, पीएफ. शिवाय कामावर घेताना मागवलेल्या आधारच्या झेरॉक्स, स्कॅन करून. कुलूप नाही, पासवर्ड नाही. अशा माहितीसाठी २०२३ सालीच कायदा झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. पण आमच्याकडे विचारणा झाली ती मशीन शॉपमधून. सीएनसी मशीनवरच्या एका मुलाने दारात उभं राहून विचारलं, ‘साहेब, माझं आधार पण गेलं का?’ मी ‘हो’ म्हणालो. त्याने मान हलवली आणि शिफ्टला गेला.

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून मी आणि आमच्या ज्युनियर मुलीने एकेकाचं आधार बायोमेट्रिक लॉक करून दिलं. म्हणजे निदान अंगठ्याच्या ठशावर कुणी त्यांच्या नावाने पैसे काढू नयेत. त्यासाठी मोबाईल आधारला जोडलेला लागतो. नऊजणांचा जोडलेला नव्हता. त्यांना अर्धा दिवस सोडून आधार केंद्रावर रांगेत उभं राहावं लागलं. शेठनी त्यांचा पगार कापला नाही. पण मस्टरवर ती नऊ नावं लिहिताना ‘कारण’ या रकान्याशी माझं पेन बराच वेळ थांबून राहिलं. शेवटी ‘ऑफिसचे काम’ असं लिहिलं.