एप्सन व्ही ३९ : घरच्या जुन्या अल्बमसाठी कितपत कामाचा?

एप्सनचा पर्फेक्शन व्ही ३९ हा चपटा स्कॅनर सुट्या कागदी फोटोंसाठी उत्तम, तसबिरींसाठी जवळजवळ निरुपयोगी. निगेटिव्हसाठी तर घेऊच नये, त्यात ती सोयच नाही. वजन दीड किलोच्या आसपास आणि वीज लॅपटॉपच्या यूएसबी वायरीतूनच घेतो. अल्बम घराबाहेर न देणाऱ्या काकांच्या पंचवटीतल्या ओसरीवर बसूनही काम उरकतं.

४ बाय ६ इंचांच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचामागे ६०० ठिपके) पुरे. २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, टिफ (तपशील न गमावणारी) फाइल साधारण २६ एमबीची होते. २ बाय ३ इंची कृष्णधवल फोटो १२०० वर घ्यावेत. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीसमोर अख्खं खटलं उभं आणि चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे, असा फोटोही १२०० वरच. खोक्यावर ४८०० छापलंय म्हणून तो आकडा निवडू नका. फोटोतला तपशील तोवर संपलेला असतो, पुढे नुसता कागदाचा पोत मोठा होतो.

गोची आहे ती सेन्सरची. यातल्या सीआयएस सेन्सरला काचेला टेकलेलंच नीट दिसतं, दोन-चार मिलिमीटर वर उचललेलं धूसर येतं. चिकट पानांच्या अल्बमचं पान फुगलं असेल तर नेमके मधले चेहरे जातात. तिथे फोटो सोडवावाच लागतो : दातांचा फ्लॉस कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. नखाने उचलू नका, फोटो वाकला की वरचा थर तडकतो.

पावसाळ्याच्या ओलीने तसबिरीतला फोटो काचेला चिकटला असेल, तर हातच लावू नये. जिलेटिनचा थर काचेला धरून बसतो. ओढलात तर चेहरा काचेवर आणि कोरा कागद हातात. तो काचेसकट खिडकीतल्या तिरप्या उजेडात मोबाइलने टिपावा, प्रतिबिंब पडू नये म्हणून मोबाइलच्या मागे काळं कापड धरावं.

एकावेळी तीन-चार फोटो बोट-दोन बोटं अंतर सोडून ठेवले तर सॉफ्टवेअर ते आपोआप वेगळे करतं. पण कातरलेली पांढरी किनार झाकणाच्या पांढऱ्यात मिसळते आणि कापली जाते. फोटोमागे काळा कार्डपेपर ठेवा. गुलाबी पडलेल्या रंगीत फोटोंना सॉफ्टवेअरमधलं ‘कलर रिस्टोरेशन’ बऱ्यापैकी लागू पडतं, तरी आधी काहीही न सुधारता एक टिफ ठेवा. एआयने चेहरा ‘स्पष्ट’ करायच्या फंदात तर पडूच नये. नथीचे मोती वितळतात आणि आजी कुणी भलतीच बाई होते.

मागची बाजूही स्कॅन करा, ३०० डीपीआयवर भागतं. स्टुडिओचा शिक्का, नावं, तिथी सगळं तिथेच असतं. ‘वैशाख शु. ३, शके १८९१’ असेल तर ७८ मिळवा, १९६९ येतं. पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तेव्हा ७९. फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, मग गाव, मग प्रसंग. माणसांची नावं डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार, वेगळ्या मजकूर फाइलीत. आणि ती ओळखणारं माणूस शेजारी बसलेलं असतानाच.