तपासणीचे प्रमाणित फॉर्म: काही महिने वापरून झाल्यावर

आमच्याकडे मशीनिंगचे सुटे भाग बनतात. त्यांच्या तपासणीची कागदपत्रं गेले बरेच महिने सगळ्या शिफ्टमध्ये एकाच पद्धतीनं भरली जातायत. येणारा कच्चा माल, पहिला नग, चालू उत्पादन, अंतिम तपासणी आणि नाकारलेला माल असे पाच फॉर्म आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही. काही फॉर्म छापील आहेत, काही एक्सेलमध्ये.

या फॉर्ममुळे टेबलावर दोष जास्त सापडतात असं मला दिसलेलं नाही. तयार नजरेच्या इन्स्पेक्टरला तो आधीही सापडायचा आणि पाट्या टाकणाऱ्याच्या हातून आताही निसटतो. फरक पडतो तो पुढे, मोजमाप होत असताना तिथे हजर नसलेल्या माणसाच्या हातात तो कागद जातो तेव्हा. तक्रार आल्यावर रेकॉर्ड उघडणारा, ऑडिटला आलेला, दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर, ही माणसं या फॉर्मची खरी गिऱ्हाइकं. फॉर्म आला की रिजेक्शन घटेल अशा आशेवर असाल, तर पहिल्याच महिन्यात विरस होईल.

पूर्वी प्रत्येक शिफ्टचं वेगळं रजिस्टर होतं. कुणी माप लिहायचं, कुणी 'ओके' लिहून सही ठोकायचं, कुणी नुसती टिक. ड्रॉइंगची आवृत्ती कुठेच नसायची. तारीख ०३/०४ अशी लिहिली की ती मार्चची की एप्रिलची यावर परदेशी ग्राहकाशी ईमेलवर वाद. आता तारीख लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि तो वाद कायमचा मिटला.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करायला हवा, कारण आमच्याकडे त्यानं बराच वेळ खाल्ला. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाला ढीगभर कागद लागतात असं सर्रास मानलं जातं. २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती आणि क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं होतं. २०१५ च्या आवृत्तीत ती सक्ती गेली. तपासणीपुरतं बोलायचं तर कलम ८.६ नेमकं दोन गोष्टींचा पुरावा मागतं: माल निकषांत बसला का, आणि तो सोडायची परवानगी कुणी दिली. बाकीचे रकाने आपले आपण वाढवतो आणि खापर आयएसओवर फोडतो.

आता मुख्य मुद्दा, टिकऐवजी रीडिंग.

आमच्या एका भागात २५एच७ चं बोअर (आतलं गोल भोक) आहे. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं, सगळी मुभा (टॉलरन्स) २१ मायक्रॉनची; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या रजिस्टरमध्ये या बोअरसमोर वर्षानुवर्षं 'ओके' होतं. नव्या फॉर्मवर रीडिंग आणि शेजारी उपकरणाचा क्रमांक असे दोन रकाने आले, आणि पहिल्याच आठवड्यात एका शिफ्टच्या रकान्यात २५.०२, २५.००, २५.०२ अशी रांग दिसली. उपकरण क्रमांक बघितला तर व्हर्निअर. त्याचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या टॉलरन्सएवढा. उपकरणाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका असावा हा जुना नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. इथे तो २ मायक्रॉनच्या आसपास हवा, म्हणजे सेटिंग रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) शून्य केलेलं डायल बोअर गेजच पाहिजे. ते कपाटात होतंही. रांगेत थांबायला नको म्हणून हाताशी असलेला व्हर्निअर वापरला जात होता. 'ओके' या शब्दानं हे सगळं झाकून ठेवलं होतं.

रीडिंग लिहायला लागल्यावर दुसरी एक गोष्ट उघडी पडते. खऱ्या मशीनवरचे आकडे थोडेफार विखुरलेले असतात. टूल झिजत जातं तसे एका बाजूला सरकतात, टूल बदललं की परत उडी मारतात. एखाद्या पानावर २५.०१०, २५.०१०, २५.०१० असं शिस्तीत उभं दिसलं, तर समजावं की मोजलंय कमी आणि लिहिलंय जास्त. अशा पानाबद्दल कुणाला दरडावण्यात अर्थ नसतो. तेच नग दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतले की काय ते कळतं.

या दोन रकान्यांनी मेहनतीचे पैसे वसूल केले ते कॅलिब्रेशनच्या, म्हणजे उपकरणांची अचूकता तपासायच्या, वेळी. बाहेरची मापं घेणारा एक मायक्रोमीटर ४ मायक्रॉन जास्त दाखवत असल्याचं निघालं. अशा वेळी आधीच्या मोजमापांवर काय परिणाम झाला ते तपासा, असं आयएसओ ९००१ चं कलम ७.१.५.२ सांगतं. पूर्वी या प्रश्नाला उत्तरच नसतं. मागच्या कॅलिब्रेशनपासूनचा सगळा माल संशयाच्या भोवऱ्यात, किंवा मग 'परिणाम नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. या वेळी फॉर्म चाळून त्या क्रमांकाच्या मायक्रोमीटरनं मोजलेले लॉट वेगळे काढले. प्रत्येक रीडिंगमधून ४ मायक्रॉन वजा केले. खालच्या मर्यादेच्या पलीकडे गेले ते थोडेच नग होते, आणि त्यांचाच माग काढून फेरतपासणी झाली. टिक असती तर वजा कशातून करणार?

पहिल्या नगाच्या तपासणीसाठी आम्ही विमान उद्योगातल्या एएस ९१०२ या मानकाची धाटणी उचलली. आमचा त्या क्षेत्राशी संबंध नाही, पण तिची मांडणी मला पटते. तीन फॉर्म असतात: पहिल्यात भागाची ओळख, दुसऱ्यात मटेरिअल आणि हीट ट्रीटमेंट, प्लेटिंगसारख्या विशेष प्रक्रिया, तिसऱ्यात ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप एकेका ओळीत. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाभोवती गोल काढून नंबर द्यायचा, त्याला बलून करणं म्हणतात, आणि फॉर्मच्या ओळीला तोच नंबर. काम कंटाळवाणं आहे. पण कोपऱ्यातल्या टिपांमध्ये दडलेलं 'सर्व कडा मोडाव्यात' (म्हणजे कडांची धार घालवावी) हेसुद्धा त्यामुळे तपासणीत येतं. उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं तर पहिल्या नगाची तपासणी पुन्हा करावी ही त्यातली अटही आम्ही जशीच्या तशी घेतली. जुन्या फिक्स्चरवर (नग पकडून ठेवायच्या साधनावर) इतक्या काळानं भरवसा ठेवू नये हे कुणालाही पटेल.

इथेच फॉर्मची पहिली मोठी डोकेदुखीही आहे. बलूनचे नंबर ड्रॉइंगवर डावीकडून सुरू होऊन गोल फिरत जातात. मोजणारा माणूस त्या क्रमानं मोजत नाही. तो मायक्रोमीटर हातात घेतो आणि त्यानं होणारी सगळी मापं एका दमात उरकतो, मग हाइट गेजकडे वळतो. फॉर्म बलूनच्या क्रमानं असल्यामुळे तो पानावर खालीवर उड्या मारत राहतो आणि चुकीच्या ओळीत आकडा जातो. आम्ही शेवटी ओळी उपकरणाप्रमाणे लावल्या आणि बलून नंबर बाजूच्या रकान्यात ठेवला. एवढ्याशा बदलानं कुरकुर निम्म्यावर आली. फॉर्म बनवणाऱ्यानं एकदा तरी स्वतः उभं राहून नग मोजावा.

नमुना तपासणीचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटतो, पण तो नीट समजून घ्यावा लागतो. पूर्वी सरसकट दहा टक्के नग तपासायचे. शंभराच्या लॉटमध्ये दहा, म्हणजे फारच तोकडे, आणि तीन हजारांत तीनशे, म्हणजे उगाच. आता आयएसओ २८५९-१ चे तक्ते. ५०१ ते १२०० नगांच्या लॉटला तपासणीच्या सर्वसाधारण पातळी दोनवर ८० नगांचा नमुना, १२०१ ते ३२०० ला १२५. एक्यूएल (स्वीकार्य गुणवत्तेची मर्यादा) १.० धरला तर १२५ पैकी ३ सदोष निघेपर्यंत लॉट घ्यायचा, चौथा निघाला की परत. (या तक्त्यांचं मूळ अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड-१०५ मध्ये, १९५० सालचं. ते मानक १९९५ मध्ये रद्द झालं, तक्ते मात्र टिकले.) एक्यूएल एक म्हणजे शंभरात एक खराब द्यायची मुभा, असा अर्थ पुरवठादार आवर्जून काढतात. तसं नाही. ती लॉटमागून लॉट येत असतानाची सरासरीची मर्यादा आहे, आणि तिचा सगळा जोर तपासणी कडक-सैल करायच्या नियमांवर आहे: लागोपाठच्या पाच लॉटच्या आत दोन नाकारले गेले की तपासणी कडक करायची, मग सलग पाच स्वीकारले गेले की पुन्हा नेहमीची. बहुतेक ठिकाणी तक्ते वापरतात आणि हे नियम विसरतात. आमच्या फॉर्मवर 'मागच्या पाच लॉटचा निकाल' ही छोटी पट्टी आहे, त्यामुळे विसरायला जागा उरत नाही. नग पेटीत वरवरचेच उचलले तर मात्र कुठलाच तक्ता वाचवणार नाही, आणि ते फॉर्मला कळतही नाही.

कच्च्या मालाच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. धातूच्या मालाच्या दाखल्यांच्या ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे दाखला २.२ आहे की ३.१ असा रकाना त्यात ठेवाच. २.२ मधले आकडे तुमच्याच मालाच्या चाचणीचे असतील असं नाही. ३.१ मध्ये ते पुरवलेल्या मालाचे असतात आणि उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या प्रतिनिधीची त्यावर सही असते. ऑर्डर ३.१ ची आणि हातात २.२, हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. दाखल्यावरचा हीट नंबर (धातू भट्टीच्या कुठल्या घाण्यातून आला त्याचा क्रमांक) बारवर मारलेल्या नंबराशी जुळवायलाही वेगळी ओळ हवी.

आता तक्रारी.

तापमानाचा रकाना आमच्या मूळ फॉर्ममध्ये नव्हता. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हे आयएसओ १ या मानकात ठरलेलं आहे. पोलादाचा १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट दहा अंशांनी जास्त गरम असेल तर तो सुमारे साडेअकरा मायक्रॉननं मोठा भरतो, आणि १००एच६ शाफ्टची सगळी मुभा आहे २२ मायक्रॉनची. मशीनवरून काढलेला कोमट नग लगेच मोजला की अर्धं टॉलरन्स उष्णतेनंच खाल्लेलं असतं. दोन शिफ्टची रीडिंग जुळत नाहीत म्हणून माणसांवर संशय घेतला जात होता. नग टेबलावर थंड होऊ दिल्यावर आकडे जुळले.

एक्सेलच्या फॉर्ममध्ये मर्यादेबाहेरचा आकडा लाल होतो, आतला हिरवा. दिसायला छान. पण लाल दिसलं की नग पुन्हा मोजला जातो, कधी तिसऱ्यांदाही, हिरवा होईपर्यंत. हिरवा कुणी पुन्हा मोजत नाही. अशानं सीमेवरचा वाईट माल हळूच आत येतो. आता पहिलं रीडिंग पुसायचं नाही, दुसरं त्याच्या शेजारी लिहायचं असा नियम आहे. तो पाळला जातोय याची खात्री करायला मला अजूनही मधूनमधून जावं लागतं.

ओरखडे, बर (कडेला उरलेली धातूची बारीक धार), डाग यांच्यासमोर आकड्यांचा फॉर्म हतबल आहे. 'हलका ओरखडा स्वीकार्य' या वाक्याचे जितके वाचणारे तितके अर्थ. यावर उपाय एकच, चांगल्याच्या आणि वाईटाच्या सीमेवरचे खरे नग सही करून टेबलावर ठेवायचे आणि फॉर्ममध्ये त्यांचा क्रमांक द्यायचा.

नाकारलेल्या मालाच्या फॉर्ममध्ये 'कारण' हा एकच रकाना होता आणि त्यात दर वेळी 'ऑपरेटरची चूक'. कारवाई 'समज दिली'. पुढच्या महिन्यात येरे माझ्या मागल्या. आम्ही तो रकाना दोन भागांत तोडला: दोष निर्माण का झाला, आणि तपासणीतून सुटला का. दुसऱ्या प्रश्नाला 'ऑपरेटर' हे उत्तर चालत नाही, त्यामुळे इन्स्पेक्टर, गेज, नमुना यांच्याकडे बघावंच लागतं. माल रीवर्कला गेला, ग्राहकाच्या परवानगीनं सोडला की भंगारात, हेही त्याच पानावर सहीनिशी.

सगळ्या भागांना एकच फॉर्म हा हट्ट मात्र सोडा. साध्या वॉशरला शाफ्टचा फॉर्म लावला की निम्म्या ओळींत 'लागू नाही' येतं, आणि 'लागू नाही' लिहायची सवय हाताला लागली की ते लागू असलेल्या ओळीतही उतरतं. आमच्याकडे वरची पट्टी सगळ्यांना सारखी आहे: भाग, ड्रॉइंग आवृत्ती, लॉट, तारीख, उपकरण, सही. खालच्या ओळी त्या त्या भागाच्या.

लहान युनिटनं पाचही फॉर्म एकदम आणू नयेत, नाहीतर नुसते कागदी घोडे नाचतील. अंतिम तपासणीच्या रजिस्टरमध्ये रीडिंग आणि उपकरण क्रमांक हे दोन रकाने आधी वाढवा. आमची पुढची आवृत्ती छपाईला गेलीय. तिच्यात तापमानाचा रकाना आलाय आणि 'सर्वसाधारण शेरा' काढून टाकलाय, कारण तिथे 'समाधानकारक' याखेरीज कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही.