निपाणीतली आमची बँक: चौकशा करते, करू दे की

आमचं खत-बियाण्याचं दुकान. मिरगाच्या तोंडावर सोयाबीनच्या पिशव्या आणि डीएपी घ्यायला झुंबड उडते, त्यातला बराच व्यवहार रोखीचा, आणि गल्ला रोज बँकेत. या शाखेबद्दल बाजारात एकच ओरड असते: "पैसे आमचे, आणि भरताना विचारणार हे!" मला विचाराल तर विचारतात ते अकलेनं विचारतात.

धारवाडकडून बदलून आलेल्या ऑफिसर बाईंनी पहिल्याच मिरगात हटकलं, "काकू, एवढी कॅश कशाची?" मी बिलबुक पुढं केलं. त्यानंतर हंगामात त्या चकार शब्द काढत नाहीत. पण ऊसबिलं निघाल्यावर जुनी उधारी एकदम वसूल झाली, तेव्हा लगेच विचारलं. मला ते आवडलं. रक्कम किती यापेक्षा ती त्या माणसाच्या धंद्याला, त्या महिन्याला शोभते का, हे बघतात.

माझा भाचा चिकोडीला दुसऱ्या बँकेत क्लार्क आहे. तो म्हणतो, महिन्यात दहा लाखांवर रोख गेली की तो आकडा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कचेरीला, जातोच, त्यात संशयाचा संबंध नसतो. संशयाचा रिपोर्ट वेगळा. पॅन द्यावा लागू नये म्हणून रोज थोडी थोडी रोख भरणारा उलट जास्त डोळ्यात भरतो. कॉलेजच्या पोराच्या झोपलेल्या खात्यात अचानक लाखो येऊन संध्याकाळपर्यंत बाहेर गेले, तर कमिशनवर खातं भाड्यानं दिलंय हे समजायला वेळ लागत नाही. काउंटरवरचा माणूस फक्त वर कळवतो; रिपोर्ट पाठवायचा की नाही हे मुख्य कचेरीतले नेमलेले अधिकारी ठरवतात. आणि पाठवला तरी गिऱ्हाइकाला सांगायला कायद्यानं बंदी. त्यामुळे "माझं नाव वर कळवलंय काय?" म्हणून खिडकीशी भांडणाऱ्यांनी घसा कोरडा करून घेऊ नये.

याच शाखेत एका रिटायर्ड मास्तरांना एफडी मोडताना बघितलं. खिशात व्हिडिओ कॉल चालू, कपाळावर घाम. बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला, "सर, आत या की, चहा घ्या" म्हणून केबिनमध्ये नेलं, फोन बंद करायला लावला आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावून दिला. फोनवरचा स्वतःला सीबीआयवाला म्हणवत होता. डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरून अटक, असलं काही कायद्यात नाही, हे बाईंनी मास्तरांना तीनदा तरी समजावलं असेल. यासाठी मी या शाखेला शंभर मार्क देईन.

आता दोष. कॅशियर खिडकीतूनच मोठ्यानं विचारतो, "इतके लाख कुठनं आले?" मागची सगळी रांग कान टवकारते. बाईमाणूस एकटी पैसे घेऊन आलेली असते, जरा भान ठेवावं. फॉर्म कन्नड, इंग्रजी, हिंदीत. खेड्यातल्या म्हाताऱ्या मराठी माणसाला केवायसीचा कागद वॉचमनच भरून देतो. भला आहे बिचारा, पण कुणाचं उत्पन्न किती हे वॉचमनला का कळावं? आणि पासबुकाचं मशीन बंद. कधीही जा, बंदच.