इग्वाना की बॉल पायथन: रोज हातात घ्यायला वेळ आहे का तुमच्याकडे?

गेल्या दोन-तीन महिन्यांत तीन जणांनी मला हेच विचारलं, की सरपटणारा प्राणी पाळायचाय, इग्वाना (मोठा हिरवा सरडा) घेऊ का बॉल पायथन (अजगराच्या जातीतला छोटा साप), आणि तिघांचाही पुढचा प्रश्न एकच, की त्याला रोज हातात घ्यावं लागतं का, नाही घेतलं तर तो एकटा पडतो का. मी स्वतः ह्याच प्रश्नावर वर्षभर अडकलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबी, किंमत, रंग ह्यात शिरत नाही, ते तुम्ही आधीच बघितलेलं असणार.

कागदाचं पहिले सांगून टाकतो. दोन्ही प्राणी सायटीसच्या, म्हणजे वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर दोघांचीही नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ह्या बाबतीत दोघं सारखेच. आणि आपल्या इकडची धामण, अजगर, घोरपड, स्टार कासव ह्यातलं काहीही घरात ठेवता येत नाही, शेतात सापडलं, पिल्लू होतं, दया आली, काहीही असो. वनखात्याच्या १९२६ ला फोन करा आणि त्यांच्या ताब्यात द्या.

आता माझा अनुभव. इग्वाना माझा नाही, माझ्या मावसभावाचा, नाशिकला इंदिरानगरात. नाव मिठू, पोपटासारखा हिरवा होता म्हणून मावशीने ठेवलेलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो, अंबडला कंपनीत शिफ्ट असायची, आणि भाऊ म्हणाला दादा तू पण घ्यायचं म्हणतोयस ना, मग आधी ह्याला सांभाळून बघ. तर वर्षभर मिठूचं निम्मं काम माझ्याकडे होतं. बॉल पायथन माझी स्वतःची, २०२१ पासून, नाव गुंडी, कारण घाबरली की डोकं मध्ये घेऊन पक्की गुंडाळी करून बसते. ह्यांना बॉल पायथन म्हणतात तेही ह्याच सवयीमुळे.

मिठूबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खूप आहे. इग्वाना माणूस ओळखतो असं माझं मत झालंय. सकाळी मी जास्वंदीचं फूल घेऊन खोलीत गेलो की तो फांदीवरून मान वर करायचा, माझ्याकडे एका डोळ्याने बघायचा आणि दोन पावलं पुढे यायचा. फूल बोटात धरलं की आधी जीभ लावून बघणार, मग पाकळी पकडून मान झटकून ओढणार. ते बघताना दिवस चांगला जाणार असं वाटायचं. मावशी नातवाला भरवावं तसं त्याला शेवग्याचा पाला बारीक चिरून, त्यात लाल भोपळा किसून द्यायची. शाकाहारी घर असेल तर हा मुद्दा फार मोठा आहे, इग्वाना पूर्ण पाल्यावर राहतो. फक्त पालक रोज देऊ नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) पाहिजेच, ती पेटत असली तरी तिच्यातली यूव्हीबी हळूहळू कमी होते म्हणून सहा महिने ते वर्षाने बदलायची, नाहीतर हाडं मऊ पडतात.

पण हा प्राणी माणसाळलेला राहतो तो रोजच्या सवयीने. रोज पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो एकाच वेळेला, हात नेहमी समोरून किंवा बाजूने, वरून कधीच नाही. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसतो, तो त्याचा तिसरा डोळा, चित्र दिसत नाही त्याला, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली म्हणजे घार आली, एवढंच त्याला माहीत. एकदा मावशीने वरून पदराने धूळ झटकली तर हा अख्ख्या पिंजऱ्यात धडका घेत पळाला, नाक सोललं.

आणि अजून एक, कुरवाळताना इग्वानाने डोळे मिटले की लोक म्हणतात बघ किती आवडतंय. बऱ्याचदा ते उलट असतं. त्याला पळता येत नाही म्हणून तो डोळे मिटून तुम्हाला बंद करून टाकतो. अंग सैल आहे का, श्वास हळू चाललाय का, पायांची बोटं घट्ट रुतलीत का, हे बघायचं. हे मला कळायला चार महिने गेले आणि तोपर्यंत मी त्याला रोज नको तितकं कुरवाळत होतो ह्याचं वाईट वाटतं.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला ती सांगतो. बाकी सगळं मी सहन केलं असतं.

येवल्याला बहिणीचं लग्न होतं. आम्ही सगळे नऊ दिवस तिकडे. शेजारच्या काकू रोज येऊन दार किलकिलं करून पाल्याची ताटली आत सरकवायच्या, पाणी बदलायच्या, लाइट टायमरवर होती, म्हणजे प्राण्याला कशाचीच कमी नव्हती. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं फूल घेऊन गेलो, समोरून, हळू, बोलत बोलत. मिठूने अंग बाजूने चपटं केलं, गळ्याखालची झालर ताठ झाली, तोंडातून सूं असा आवाज, आणि मला काही कळायच्या आत शेपटीचा फटका मनगटापासून कोपरापर्यंत. त्याची शेपटीच अंगाच्या दुप्पट, चाबूकच तो. वळ आठवडाभर होता. पण वळाचं काही नाही, त्रास पुढचा होता, त्याने परत माझ्या हातातून फूल घ्यायला तीन आठवडे लागले, तीन आठवडे रोज पहिल्यापासून, आधी नुसतं खोलीत बसायचं, मग पिंजऱ्याजवळ, मग हात आत ठेवून हलवायचा नाही.

आणि हे एकदाच झालं असतं तर मी म्हटलं असतं चला होतं असं. वर्षात तीनदा झालं. दिवाळीत गावाला गेलो तेव्हा, ह्या लग्नात, आणि कंपनीत ऑडिट होतं तेव्हा, मी रात्री अकराला घरी येत होतो आणि भावाची परीक्षा होती, म्हणजे आम्ही दोघं घरात असूनसुद्धा आठ-दहा दिवस त्याला हात लागला नाही. त्यात मिठू नर, विणीच्या दिवसांत अंगावर केशरी झाक यायची आणि तेव्हा काही आठवडे तर रोजची सवय असूनही जवळ जाऊ द्यायचा नाही. सगळे इग्वाना असेच असतात असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे सांभाळणारे दोन हात वेगळे होते हेही कारण असेल, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाचं आयुष्य असंच खंडित असतं आणि प्रत्येक खंडाची किंमत त्या प्राण्याला भीतीत मोजावी लागते, हे मला बघवत नव्हतं.

गुंडीचं एकदम वेगळं. तिला तुमच्या हाताची गरज नाही, हे आधी मान्य करायला लागतं. आणली तेव्हा पहिले दोन आठवडे मी तिला हात लावला नाही, नुसतं पाणी बदलायचं आणि झाकण लावायचं. तीन वेळा नीट खाल्ल्यावर मग पहिल्यांदा बाहेर काढली, पाच मिनिटं. आता आठवड्यातून एक-दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. खाल्ल्यावर निदान दोन दिवस अजिबात नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढते. डोळे निळसर दुधाळ झाले म्हणजे कात टाकायला आली, तेव्हाही नाही, कारण तिला धड दिसत नसतं. आणि मी बारा दिवस बाहेर राहून आलो तरी ती तशीच, मडक्याच्या कपारीतून डोकं काढणार, जीभ लपलपवणार, हातावर सरकणार, माझी सुट्टी तिच्या खात्यात जमाच होत नाही.

थंडीत ती स्वेटरच्या बाहीत शिरून बसते आणि पाहुणे म्हणतात किती लळा लागलाय. मी त्यांना खरं सांगतो, तिला ऊब लागलीय. ओठांवर बारीक खड्डे असतात, त्यांनी तिला उष्णता कळते, आणि आपलं अंग घरातली हलणारी गरम वस्तू. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिला माझी भीती वाटत नाही एवढं मला पुरतं.

पण लक्ष द्यावं लागत नाही असं मात्र समजू नका, हा गैरसमज मी रोज बघतो. हात न लावणं वेगळं आणि न बघणं वेगळं. रोज सकाळी थर्मामीटर बघायचा, गरम बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२६, ओलावा, पाणी, विष्ठा, आणि कात पूर्ण निघाली का, विशेषतः शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यांवर राहिली नाही ना. पाच मिनिटांचं काम आहे पण ते चुकवता येत नाही. महिन्यातून एकदा मी तिचं भाजीच्या डिजिटल काट्यावर वजन करतो, त्यासाठी वेगळा काटा आणलाय, आणि दोन्हीपैकी कुठलाही प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, साल्मोनेला ह्या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका खरा आहे, घरात लहान मूल असेल तर जास्तच.

गुंडीचे त्रासही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पहिला म्हणजे उंदीर. फ्रोझन उंदीर आणायचे आणि ठेवायचे कुठे, आईने घरातल्या फ्रिजला स्पष्ट नाही म्हटलं आणि तिचं बरोबरच होतं, मी छोटा वेगळा फ्रीजर घेतला. तुमच्या घरात हे चालणार नसेल तर इथेच विषय संपला, इग्वाना बघा. दुसरा, उपास. बॉल पायथन मनात आलं की महिनोन् महिने खात नाही. एका वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मागच्या मैदानात ढोल पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली, आता नाशिकचा ढोल म्हणजे तुम्हाला सांगायला नको, सापाला बाहेरचे कान नसतात पण जमिनीतली कंपनं जबड्यातून थेट आत पोचतात. गुंडी सव्वादोन महिने काही खाईना. वजन १४५० ग्रॅमवरून १३९० वर आलं, तेवढ्यावर घाबरायचं कारण नव्हतं, पण मी घाबरलो आणि रोज काढून बघायला लागलो, आणि त्यानेच बहुतेक अजून लांबलं. शेवटी टब भिंतीपासून लांब, खाली जाड फोम घालून ठेवला, हात लावणं पूर्ण बंद केलं, आणि विसर्जनानंतर दोन आठवड्यांनी तिने घेतला उंदीर. ढोलामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मला तसं वाटतं.

नाशिकची थंडी हा अजून एक मुद्दा. निफाडचं तर सोडाच, शहरातही पारा दहाच्या खाली जातो. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गरम दमट हवेतला. फ्लोरिडात सुटलेले इग्वाना थंडीत गारठून झाडावरून खाली पडतात, जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान कार्यालयाने लोकांना तसा इशाराही दिला होता. आमच्याकडे डिसेंबरात एकदा रात्री दोनला लाइट गेली ती सकाळी आली. गुंडीला मी थर्माकोलच्या खोक्यात ठेवली, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या शेजारी, झालं. मिठू चार फुटांचा, त्याचा पिंजरा कपाटाएवढा, तो कशात ठेवणार, भाऊ आणि मी पिंजऱ्यावर रजया टाकून आणि दर तासाला गॅसवर पाणी तापवून सकाळपर्यंत जागे होतो. पुन्हा, एवढ्या रात्री हाताळल्यामुळे पुढचे चार दिवस तो चिडलेला.

डॉक्टरांचं दोघांनाही सारखंच, सरपटणारे प्राणी बघणारे थोडे, त्यामुळे प्राणी आणायच्या आधी नंबर शोधून ठेवा. आयुष्याचाही विचार करा, इग्वाना नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं, बॉल पायथन वीस-तीस, आणि अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणीसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा ती साठी ओलांडलेली होती असा तिथल्या लोकांचा अंदाज. लग्न, बदली, मुलं, सगळं ह्या प्राण्यासोबत होणार.

तर माझ्या मते, तुम्ही घरून काम करत असाल, घरात मांसाहार नसेल, एक अख्खी खोली देता येत असेल आणि रोजची वीस मिनिटं खरंच रोज देता येत असतील, तर इग्वाना घ्या, तो जे देतो ते साप कधीच देणार नाही. भाऊ आता घरूनच काम करतो आणि मिठू त्याच्या टेबलाशेजारच्या फांदीवर दिवसभर पडलेला असतो, दोघांचं छान चाललंय, शेपटी शेवटची कधी बसली ते त्याला आठवतही नाही. पण वर्षातले किती दिवस तुम्ही घराबाहेर असता ते आधी कॅलेंडर काढून मोजा, अंदाजाने नको. माझे गेल्या वर्षी एकावन्न भरले, गडावर, गावाला, कंपनीच्या कामाने पुण्याला, सगळे धरून. तुमचे पण असेच चाळीस-पन्नास निघत असतील तर मी आपला बॉल पायथनच म्हणेन.

आज बुधवार. गुंडीने सोमवारी रात्री उंदीर खाल्लाय, पोटाचा फुगवटा अजून दिसतोय, उद्या संध्याकाळपर्यंत उतरला तर दहा मिनिटं बाहेर काढेन, नाहीतर शनिवारी.