लष्करी तळावरील ‘ऑटो स्किल्स सेंटर’: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझे पती अमेरिकी भूदलात असल्यामुळे आम्ही सध्या टेक्सासमधील एका तळावर राहतो आणि गेले कित्येक महिने आमच्या होंडा सीआर-व्हीची बहुतेक कामे मी तळावरच्या ऑटो स्किल्स सेंटरमध्ये स्वतः करते आहे. लष्करी वर्कशॉप म्हटले की आपल्याला खडकीचे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आठवते. पण तेथे सैन्याची वाहने दुरुस्त होतात, तर येथे खासगी गाड्या येतात आणि पाना मालकानेच हातात घ्यायचा असतो. भूदलात ही केंद्रे सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या एमडब्ल्यूआर विभागाकडे असतात. सेवेतील सैनिकांप्रमाणेच त्यांचे कुटुंबीय, निवृत्त सैनिक आणि संरक्षण खात्याचे नागरी कर्मचारीही ओळखपत्र दाखवून त्यांचा वापर करू शकतात. भाडे तासावर असते आणि गाडी वर उचलणारी लिफ्ट असलेल्या जागेला ते थोडे जास्त पडते.

लिफ्ट वापरण्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि ते तसेच असायला हवे. लिफ्टचे चारही हात गाडीखालच्या ठरलेल्या आधारबिंदूंवर टेकवायचे, चाके जमिनीपासून जेमतेम सुटली की थांबून गाडी हलवून पाहायची, मगच ती पूर्ण वर न्यायची आणि शेवटी किंचित खाली आणून लिफ्टला घसरू न देणाऱ्या कुलपांवर बसवायची, हा क्रम तेथील प्रशिक्षक प्रत्येक वेळी स्वतः उभे राहून तपासतात.

या केंद्राचे खरे मोल मला पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या कामात कळले. आमची गाडी त्याआधी न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रमला, हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरलेली. होंडाच्या ब्रेक डिस्कला हबवर धरून ठेवणारे दोन छोटे स्क्रू असतात आणि ते गंजले की साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी झिजतात, पण स्क्रू जागचे हलत नाहीत. प्रशिक्षकांनी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर काढून दिला. ठोका बसला की त्याचे टोक खाचेत घट्ट रुतते आणि त्याच क्षणी वळतेही. तीन-चार ठोक्यांत स्क्रू सुटला. एरवी वर्षानुवर्षे लागणार नाही असे हत्यार हवे त्या वेळी मिळते आणि ते कसे धरावे हे सांगणारा माणूस शेजारी असतो, म्हणून मी या जागेची मनापासून शिफारस करते. चाके बसवल्यावर नट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ८० फूट-पाउंडाला आवळणे आणि गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी माझ्याकडून करवून घेतल्या.

पैशांची बचत होते, पण काम वेळेत संपले तरच. त्यामुळे सुटे भाग आधीच आणून ठेवावेत. गाडी वर चढवून दुकानात धावलात तरी भाडे चालूच राहते. शनिवार-रविवारी लिफ्टसाठी बराच वेळ थांबावे लागते, म्हणून मी आठवड्याच्या मधला दिवस निवडते. आमच्या केंद्रातील व्हील अलाइनमेंटचे यंत्र बरेच दिवस बंद राहिले आणि ते काम शेवटी बाहेर करून घ्यावे लागले, याची मात्र नाराजी आहे. काम अर्धवट राहिल्यास गाडी रात्रभर ठेवण्याचे वेगळे शुल्क पडते. दुसऱ्याची गाडी पैसे घेऊन दुरुस्त करण्यास मनाई आहे आणि तो नियम मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे या सवलतीचा धंदा होत नाही.

तळावरील घरांसमोर दुरुस्तीला सहसा परवानगी नसते, शिवाय जुने ऑइल टाकायचे कुठे हा प्रश्न उरतोच. केंद्रात त्यासाठी टाकी आहे. ऑइल, ब्रेक, बॅटरी, शॉक अॅब्सॉर्बर ही कामे नवख्या माणसाने येथे निर्धास्त करावीत. एअरबॅग आणि गिअरबॉक्सची कामे मात्र मी अजूनही जाणत्या मेकॅनिककडेच देते. पती तैनातीवर असताना गाडीची जबाबदारी एकटीवर असलेल्या भगिनींनी निदान प्रशिक्षण तरी त्यांच्या जाण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी लिफ्ट मिळण्यात अडचण येत नाही.